पेटीनं गायलेलं पद

बोईसर, पालघर, केळवे-माहीम या पट्ट्यातल्या भजनी मंडळांत बुवांच्या आधी पेटी गाते. मंडळी जमेपर्यंत, पखवाजाला कणीक लागेपर्यंत पेटीवाला एकटाच एखाद्या अभंगाची किंवा जुन्या नाट्यपदाची चाल धरतो. शब्द कुणी म्हणत नाही, तरी बसलेल्यांचे ओठ हलतात. मग बुवा येतात, गजर सुरू होतो आणि आधी जे वाजलं त्याची आठवण कुणी काढत नाही. ते वाजवणं म्हणजे केवळ वेळ भरून काढणं, असंच सगळे धरून चालतात.

शब्दांचं गाणं गाणाऱ्याविना, केवळ पट्ट्यांच्या वाद्यावर, कसबानं उभं करायचं हे काम युरोपात पियानोनं केलं. त्याची स्वरलिपी छापली गेली, त्यावर भांडणं झाली, ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे तेच काम शंभराहून अधिक वर्षं पेटी करते आहे. त्याची छापील संहिता नाही, रीतसर समीक्षा नाही, आणि कोणी कोणतं पद कसं बांधलं याची नोंद नाही. नाट्यपद पेटीवर एकट्यानं वाजवणं ही साथसंगतीची दुय्यम शाखा आहे असं मला वाटत नाही. ती मराठी संगीतातली एक स्वतंत्र रचनाकला आहे आणि तिला रचनेचाच मान मिळायला हवा. ही बाजू मांडण्यासाठी आधी पियानोकडे जावं लागेल, कारण तिथे हा प्रश्न पूर्ण वाढलेल्या रूपात दिसतो.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं १८१५ मध्ये जर्मन कवी गटेच्या कवितेवर ‘एर्लक्योनिग’ हे गीत रचलं. रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन जाणारा बाप, त्या मुलाला खुणावणारा भुतांचा राजा, मुलाच्या किंकाळ्या आणि हे सगळं सांगणारा निवेदक अशी चार माणसं एकाच गायकाच्या गळ्यातून बोलतात. खाली पियानोवर उजव्या हाताचे सप्तकातले दुहेरी स्वर टापांसारखे अखंड वाजत राहतात; ती साथच वाजवणाऱ्याचं मनगट मोडते. पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिझ्टनं १८३८ च्या सुमारास हे गीत एकट्या पियानोसाठी लिहिलं. टापा तशाच ठेवायच्या, वर गायकाचा स्वरही त्याच दोन हातांनी वाजवायचा आणि चार पात्रं ओळखूही यायला हवीत. लिझ्टनं बापाला खर्जाकडे नेलं, मुलाला वरच्या पट्टीत ठेवलं आणि भुतांच्या राजाला हलक्या, तुटक स्वरावलीत गुंडाळलं. म्हणजे शब्द काढून घेतल्यावर पात्रं वेगळी ठेवण्याची जबाबदारी त्यानं स्वरांच्या उंचीवर आणि स्पर्शावर टाकली. शूबर्टची पन्नासहून अधिक गीतं त्यानं अशी पियानोवर आणली. एका प्रेमगीतात त्यानं पहिलं कडवं मधल्या सप्तकात, दुसरं खालच्या सप्तकात ठेवलं आणि नंतर वरच्या सप्तकात त्याच चालीचा पडसाद मागोमाग चालवला. मूळ गीतात हा पडसाद नाही. तो लिझ्टला दिसला, आणि एकदा ऐकल्यावर मूळ गीत ऐकतानाही आपले कान त्याची वाट पाहतात.

या रूपांतरांत गीताचे शब्द स्वरांबरोबर छापावेत असा लिझ्टचा आग्रह होता. वाजवणाऱ्याला ते म्हणायचे नव्हते, ऐकणाऱ्यालाही ते ऐकू येणार नव्हते. तरी वाजवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते असले की बोट कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कोणत्या स्वरावर वजन द्यायचं हे त्याला कळतं. शब्द निघून गेल्यावरही त्यांचा आकार स्वरांत उरला पाहिजे, एवढी ही साधी मागणी आहे. आपल्या पेटीवाल्यांपुढची अडचणही हीच. तिच्याकडे मी पुढे येतो.

त्याच काळात सिगिसमंड थालबर्गनं दुसरी वाट काढली. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आलटूनपालटून मधल्या सप्तकात चाल गायची आणि बाकीच्या बोटांनी वर-खाली स्वरांची वेल पसरायची. ऐकणाऱ्याला वाटे, वादकाला तीन हात आहेत. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकुमारी बेलजोयोझोच्या घरी लिझ्ट आणि थालबर्ग यांचा सामना झाला आणि त्याची चर्चा युरोपभर पसरली. थालबर्गनं पुढे पियानोवर गाण्याची कला शिकवण्यासाठी ऑपेरातल्या पदांचा संच काढला. पियानोनं गळ्याकडून शिकावं हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे गायकी अंगानं वाजवणं म्हणतात ते याहून फार दूर नाही.

याला विरोधही तेव्हापासूनचा आहे. रॉबर्ट शूमाननं १८४० मध्ये लग्नाच्या वर्षी क्लारासाठी जी गीतं रचली, त्यांतलं एक लिझ्टनं १८४८ मध्ये मोठ्या थाटाच्या पियानोरचनेत बदललं. क्लाराला लिझ्टचा हा थाट मानवत नसे. तिनं स्वतः रॉबर्टची ३० गीतं पियानोवर उतरवली, पण किती संयमानं! तिच्या रूपांतरात गीत जवळजवळ जसंच्या तसं आहे, त्यात फक्त गळ्याची रेघ हातात सामावून घेतली आहे. एकाच घरातल्या गाण्याची ही दोन रूपं शेजारी ठेवली की सगळा वाद डोळ्यांपुढे येतो. क्लारा गीताची राखणदार आहे आणि लिझ्ट त्या गीताचा दुसरा कवी. दोघांचीही गरज असते असं मला मनापासून वाटतं. पण ज्याला क्लारासारखं वाजवता येत नाही त्यानं लिझ्टसारखं वाजवायला जाऊ नये.

या इतिहासात एक धागा आपल्या किनाऱ्याच्या लोकांशी जुळतो. संजाणपासून डहाणू, घोलवड, तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात पारशांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. याच समाजातल्या, मुंबईच्या एका पारशी स्थापत्य अभियंत्याचा मुलगा कैखुश्रू शापुरजी सोराबजी १८९२ मध्ये इंग्लंडात जन्मला आणि पियानोसाठी जगातलं अत्यंत अवघड लेखन करणाऱ्यांत गणला गेला. १९२२ मध्ये त्यानं तीन प्रसिद्ध रचना घेऊन पियानोवर त्यांची विलक्षण रूपांतरं केली. त्यांतलं एक रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘सादको’ या ऑपेरातल्या हिंदू व्यापाऱ्याच्या गाण्याचं आहे. रशियन संगीतकारानं कल्पनेतून रंगवलेला हिंदुस्थान एका पारशी बापाच्या मुलाच्या हातून पियानोवर गडद, दाट होऊन उतरला. आपल्या मातीशी नातं असलेल्या कुणी गाण्याचं कसबी पियानोरूपांतर केल्याचं हे एक पक्कं उदाहरण. मात्र त्याची वाट इंग्लंडातून गेली, महाराष्ट्रातून नाही.

आपल्याकडे काय झालं ते पाहायचं तर पियानोचा नाद सोडून त्याच्या गरीब चुलत भावंडाकडे वळावं लागतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेंनं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं. ते पायानं भाता मारायचं मोठं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८८० च्या दशकात त्याला मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवण्याजोगं रूप दिलं. पेटीचे जुने जर्मन आणि पॅरिसचे सूर आजही जाणकार जपून ठेवतात. बाकी सूर बहुतांशी गुजरातेतल्या पालिताण्याचे.

पियानोची तार हातोड्यानं वाजते आणि स्वर लगेच विरू लागतो. म्हणून लांब स्वर टिकवायला लिझ्टला कंप, स्वरांच्या माळा आणि पायाखालचा पेडल लागतो. पेटीचा स्वर भात्यात हवा असेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो. ही तिची ताकद आणि हेच तिचं संकट. पियानोवर प्रत्येक बोटाचं वजन वेगळं देता येतं. पेटीवर बोट कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. उतारचढाव सगळा भात्यातून, आणि तो एकदम सगळ्या स्वरांना लागू. डावा हात भात्यात अडकलेला, म्हणजे थालबर्गचे तीन हात सोडाच, आपल्याकडे एकच. मींड तर नाहीच. दोन पट्ट्यांच्या मधे काहीही नाही.

तरी पेटी गाते. कशी, हे एका साध्या तपशिलातून सांगतो. काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी षड्ज धरून, यमन वाजवायला घ्या. सा, रे, प, ध काळ्या पट्ट्यांवर येतात. ग, तीव्र म आणि नी पांढऱ्यांवर. काळी पट्टी उंच, पांढरी खाली. त्यामुळे पंचमावरचं बोट न उचलता तीव्र मध्यमावर घसरवता येतं, वरच्या षड्जावरून निषादावरही तसंच येता येतं, आणि त्या घसरण्यात मधला सांधा ऐकू येत नाही. आता तोच यमन पांढरी एकमध्ये घ्या. फक्त तीव्र मध्यम काळ्यावर उरला, तिथून पंचमावर बोट उतरतं, बाकी सगळीकडे बोट उचलावंच लागतं. एकच राग, एकच वादक, एकच पेटी, पण पट्टी बदलली की गळा बदलतो. पेटीवाला ‘कणाकणानं’ वाजवतो म्हणतात त्यात असं बरंच ज्ञान भरलेलं असतं: कोणत्या स्वराला शेजारचा कण द्यायचा, कुठे दोन पट्ट्या क्षणभर एकत्र दाबून ठेवायच्या, कुठे भाता हलकेच सैल सोडून स्वराच्या शेवटी श्वास संपल्याचा भास द्यायचा. यातलं काहीही स्वरलिपीत लिहिलेलं सापडत नाही. सा रे ग म च्या खुणांत स्वर येतात, बोट येत नाही.

पेटीनं गाण्याला अनुसरावं हा सरळ क्रम. पण आपल्या इतिहासात पेटी गाण्याची गुरूही झाली. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भैया गणपतराव पेटीवर ठुमरी वाजवत. बोल बनवण्याची, एका ओळीला नाना भाव देण्याची ठुमरीची कला त्यांनी मुक्या वाद्यावर इतकी वाढवली की मौजुद्दीन खाँसारखे गायक त्यांच्या तालमीत घडले. शब्दांचं गाणं वाद्यावर गेलं, तिथे श्रीमंत झालं आणि पुन्हा गळ्यात परतलं. लिझ्टनं शूबर्टच्या गीताला दिलेला पडसाद मघाशी सांगितला, त्याच जातीची ही घटना.

मग गोविंदराव टेंबे. जन्म १८८१, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटीवाला संगीतकार झाला तर काय घडतं, हे त्यांनी दाखवलं. नाटककार खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आलं आणि त्याच्या चाली टेंब्यांच्या. पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांवर बेतलेल्या त्या चाली मराठी शब्दांत बसल्या आणि महाराष्ट्रभर पसरल्या. त्या चालींच्या वळणांत बोटांचा विचार आहे असं मला नेहमी वाटतं. मुरक्या छोट्या, नेटक्या. उड्या अशा की पट्टीवर हात सहज पोचतो. नाट्यपद पेटीवर इतकं चपखल बसतं, याचं एक कारण ते काही अंशी पेटीजवळच जन्मलं हेही असावं.

१९१३ मध्ये निघालेल्या बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत पायपेटी, म्हणजे ऑर्गन, साथीला आला. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनचा भरदार, देवळासारखा घुमणारा नाद. पायानं हवा भरायची म्हणून दोन्ही हात मोकळे. डाव्या हातानं षड्ज-पंचमाचा आधार आणि उजव्यानं पद. नाट्यपदाचं पियानोरूपांतर होण्याची पहिली खरी संधी ही होती. पण ऑर्गनवाला बालगंधर्वांच्या गळ्यामागे जाण्यात गुंतलेला, एकट्यानं वाजवायला त्याला वेळ कुणी दिला नाही. १९३० नंतर बोलपट आले, नाटक मंडळ्या मोडल्या आणि ती पायपेटी कोपऱ्यात गेली. प्रभात चित्रसंस्थेत केशवराव भोळ्यांनी पियानो आणला तो चित्रपटातल्या वाद्यमेळासाठी. पदाला एकट्या पियानोवर उभं करायचं काम त्याच्याकडे आलं नाही.

आणि लगेच बंदी आली. आकाशवाणीवर १ मार्च १९४० पासून हार्मोनियम वाजेनाशी झाली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी आधीच तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. रवींद्रनाथांचाही तिच्यावर राग होता. आक्षेप खरा होता. पेटीचे स्वर ठोकळे, श्रुती नाहीत, मींड नाही. पण त्या बंदीनं ज्या काळात रेडिओनं संगीताची नोंद ठेवली, नेमक्या त्या काळातलं पेटीवादन नोंदीतून गळलं. १९७१ मध्ये बंदी सैल झाली तीही साथीपुरती. या तीन दशकांत महाराष्ट्रात पेटी कुठे जगली? कीर्तनात, भजनात, नाटकात, घरच्या मैफलीत. वारकरी विद्वान सोनोपंत दांडेकरांचं गाव केळवे-माहीम. पालघरचं महाविद्यालय त्यांच्या नावानं चालतं. या भागातलं वारकरी भजन आकाशवाणीच्या मान्यतेवर कधीच अवलंबून नव्हतं, म्हणून इथली पेटी बंद पडली नाही. मोठ्या शहरांतल्या कलावंतांचं नुकसान झालं, गावातल्या पेटीवाल्याला ते जाणवलंही नाही.

तरीही एकलवादनाची मोठी परंपरा उभी राहिली. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अस्ताई, अंतरा, फिरक्या, तानांची आतषबाजी आणि पुन्हा मुखड्यावर येणं. तेवढ्या वेळात काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवताना पद आपोआप रचना बनतं. मधुकरांच्या बोटांचा वेग थक्क करतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं थांबणं. वेगवान तानेनंतर मुखडा इतक्या स्वच्छपणे येतो की शब्द कानात पुन्हा उमटतात. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, गोव्यातल्या बोरीचे, यांनी तो वारसा जपला आणि पुढच्या पिढीला शिकवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. गोविंदराव पटवर्धनांनी अगणित नाट्यप्रयोगांत पेटी आणि ऑर्गन वाजवला. रात्रभर गायकाच्या मागे राहिलेल्या माणसाला पद आतून माहीत असतं, आणि त्यांच्या वाजवण्यात हे आतून माहीत असणं स्पष्ट ऐकू येतं. क्लारा शूमानशी कुणाची तुलना करायची झाली तर मी गोविंदरावांचं नाव घेईन. मधुकर लिझ्टच्या बाजूचे.

मनोहर चिमोट्यांनी दुसरीच दिशा घेतली. पेटीला स्वरमंडळ जोडलं, तिला संवादिनी म्हटलं आणि स्वतंत्र रागवादनासाठी आयुष्य दिलं. गणितात डॉक्टरेट घेतलेले पुण्याचे अरविंद थत्ते ख्यालाच्या मांडणीत पेटी आणतात. हे मोठं काम आहे, पण माझ्या प्रश्नापासून थोडं बाजूला जातं. राग वाजवताना वादकाला शब्द लपवायचे नसतात आणि दाखवायचेही नसतात. पदाचं तसं नाही. ऐकणाऱ्याला शब्द आधीच पाठ असतात आणि वादकाची परीक्षा तिथे असते.

ही परीक्षा पट्टीवर नेमकी कशी होते? पदात कधी चार अक्षरं एकाच स्वरावर असतात. गायक व्यंजनांनी ती वेगळी करतो. पेटीवर पट्टी धरून ठेवली तर चार अक्षरांची एक सरळ रेघ होते, शब्द मरतो. प्रत्येक अक्षराला पट्टी पुन्हा मारली तर शब्द वाचतो, पण गाणं ठोकल्यासारखं होतं. चांगला वादक महत्त्वाच्या अक्षराला आघात देतो, मधली अक्षरं भात्याच्या हलक्या हेलकाव्यानं सुचवतो आणि जोडाक्षराला एक निसटता कण लावतो. व्हायोलिनवर ही सोय अधिक आहे. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून घराघरांत पोचलं, कारण गज कुठे फिरवायचा हे ते शब्दाच्या अक्षरांवरून ठरवत असं ऐकताना स्पष्ट जाणवतं. गीतरामायणाच्या काळापासून सुधीर फडक्यांच्या साथीला राहिलेल्या माणसाच्या हातात मराठी शब्दांचं वजन मुरलेलं होतं. गजाला श्वास आहे, मींड आहे; तरी शब्द नेमका उभा राहतो तो अक्षरांच्या या समजेमुळे. पेटीला मींड नाही, त्यामुळे तिची समज आणखी तीक्ष्ण असावी लागते.

इथे युरोप आणि आपण यांच्यातला एक मोठा फरक पुढे येतो. लिझ्टपुढे शूबर्टनं लिहिलेला कागद होता. आपल्या पेटीवाल्यापुढे असतो एक गळा. पद खाडिलकरांचं, चाल टेंब्यांची किंवा भास्करबुवांची, पण पेटीवर वाजतं ते बालगंधर्वांचं पद, किंवा छोटा गंधर्वांचं, किंवा वसंतराव देशपांड्यांचं. खाडिलकरांच्याच ‘स्वयंवर’ नाटकातलं एक पद तिघांच्या वळणानं वाजवलं तर तीन वेगळी रूपांतरं होतात, आणि जाणकार श्रोता पहिल्या ओळीत ओळखतो कुणाचं आहे ते. म्हणजे आपल्या परंपरेत रूपांतर होतं ते गायकाचं. हे लक्षात घेतलं तर आजवर झालेल्या कामाची वर्गवारी करता येईल, कोणी कोणाचा गळा उचलला, त्यात स्वतःचं काय घातलं हे सांगता येईल. आज मैफलीच्या पत्रिकेत फक्त ‘नाट्यगीत’ लिहिलेलं असतं. वादकाच्या शोधाचं श्रेय त्या एका शब्दात बुडून जातं.

श्रुतींचा वादही या चर्चेत येतोच. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग मानले तर तानपुऱ्यातून उमटणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा पियानोच्या समान पट्टीतला गंधार सुमारे १४ भाग चढा आहे. चांगल्या पेट्या म्हणूनच एक षड्ज धरून हातानं लावून घेतात, म्हणजे त्या पट्टीत गंधार उतरवता येतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवली. त्यांचे चिरंजीव आदित्य ओक, तसंच तन्मय देवचके, सुयोग कुंडलकर यांच्यासारखे वादक आज साथ आणि एकलवादन दोन्ही समर्थपणे करतात. पद वाजवताना मात्र श्रुतीपेक्षा शब्दाची चूक मला जास्त बोचते. चढा गंधार कान माफ करतो. चुकीच्या अक्षरावर पडलेला आघात करत नाही.

आता इकडे, घराजवळ. या जिल्ह्याचं स्वतःचं वाद्य तारपा. भोपळा, बांबू, मेण आणि आत बांबूची जीभ. जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या वारली पाड्यांत तारपा शब्दांना साथ द्यायला वाजत नाही. चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात, सगळा अर्थ फुंकेत असतो. वाद्यानं शब्दांविना पूर्ण बोलावं ही गोष्ट इथल्या माणसांना शिकवावी लागत नाही. तारापूरचं अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि सांगली-कोल्हापूरपासून खानदेशापर्यंतची माणसं इथे नोकरीला आली. त्यांच्याबरोबर गावोगावची भजनं आली, नाट्यपदांची आवड आली, पेट्या आल्या. अणुकेंद्राच्या कल्पनेमागे असलेल्या होमी भाभांना युरोपच्या अभिजात संगीताचं वेड होतं. त्या संगीताचा पियानो वसाहतीतल्या भजनापर्यंत आला नाही याचं मला दुःख नाही. पेटी पुरेशी होती.

दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. भजनी मंडळांत आता कीबोर्ड येतो. त्यात तयार नाद आहेत, पट्टी बदलायला कळ आहे, आणि बोट घसरवून स्वर सांधायची गरज उरत नाही. काळी एकमधल्या यमनाचं ते ज्ञान एका पिढीत पुसलं जाऊ शकतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हार्मोनियम आहे, मुलं बसतात, राग आणि ताल शिकतात. पण एखादं पद एकट्यानं वाजवायचं कसं, हा अभ्यासक्रमाचा केंद्रविषय नाही. तो व्हावा. विद्यार्थ्यानं एका गायकाचं एक पद घ्यावं, शब्द स्वरांवर लिहावेत, कुठलं बोट, कुठे घसरणं, भाता कुठे सैल हे सगळं कागदावर उतरवावं, आणि शिक्षकानं त्या कागदाला गुण द्यावेत. पालघर ते बोईसर या दोन स्थानकांच्या परिसरात चाळीस-पन्नास वर्षं पेटीवर अभंग आणि पदं वाजवलेली माणसं आहेत. त्यांच्या बोटांचं चित्रीकरण वरून, पट्ट्या दिसतील असं करायला मोबाइल पुरतो. चेहऱ्याचं चित्रीकरण पुष्कळ होतं, बोटांचं होत नाही.

आणि पियानो? नाट्यपदाचं खरं, लिझ्टच्या तोडीचं पियानोरूपांतर अजून व्हायचं आहे. होईल तेव्हा पहिली अडचण सुसंवादाची असेल. शूबर्टच्या गीताखाली त्याचीच साथ होती. नाट्यपदाखाली तानपुरा आणि तबला आहे. पदाखाली युरोपीय स्वरगुच्छ घातले की राग कुणीकडे तरी वाहून जातो, हे चित्रपटसंगीतात आपण अनेकदा ऐकलं आहे. पण मोठ्या पियानोचा मधला पेडल हवे तेवढेच स्वर उघडे धरतो. खालच्या सप्तकात सा-प-सा आवाज न करता दाबायचे, त्या पेडलनं अडकवायचे आणि वर पद वाजवायचं. उघड्या तारा वरच्या स्वरांना आपसूक प्रतिसाद देतात आणि पदाखाली तानपुऱ्यासारखा एक धूसर नाद जमतो. स्वर विरणं ही पियानोची उणीव नाट्यपदात कामाची ठरेल, कारण बालगंधर्वांच्या गाण्यात स्वर ठेवून सोडण्याला फार मोल होतं. मला विचाराल तर सुरुवात ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीच्या यमनातल्या पदानं करावी. पट्टी काळी एक घ्यावी, म्हणजे पेटीवाल्यांनी शोधलेलं पंचमावरून तीव्र मध्यमावरचं घसरणं पियानोवरही हातात येईल. शब्द स्वरांच्या वर छापावेत, आणि कुणाच्या गळ्यावरून आणि कोणत्या पेटीवाल्याच्या बोटांवरून हे घेतलं आहे त्याची नावं पहिल्याच पानावर द्यावीत.